सूनबाईचं बरोबर आहे, पण बाटल्या फेकू नका

प्रश्न : गेल्या मे महिन्यात आम्ही सगळे उटीला जाऊन आलो. येताना निलगिरी तेलाच्या चार बाटल्या आणल्या. परवा सात महिन्यांच्या नातवाला सर्दी झाली. नाक चोंदलं, रात्रभर किरकिरला. मी त्याच्या झबल्याच्या गळ्याशी दोन थेंब टाकले आणि बोटाला राहिलेलं छातीला चोळलं. सूनबाई धावत आली, बाटली माझ्या हातातून काढून घेतली, बाळाला पुसून झबलं बदललं आणि म्हणाली, "आई, हे विष आहे." मुलगा तिथंच उभा होता, चकार शब्द बोलला नाही. मी तीन मुलं याच तेलावर वाढवली, एकालाही काही झालं नाही. यांना सर्दी झाली की चहात दोन थेंब घालून देते. माझ्या गुडघ्यांनाही तेच लावते. मग हे विष कसं? शिवाय आमच्या गल्लीतला दुकानदार म्हणतो, तुमचं तेल नकली आहे, लिंबासारखा वास येतो ते अस्सल. खरंखोटं कसं ओळखायचं? आणि आमच्या बांधावर निलगिरीची दहा-बारा झाडं आहेत, त्यांच्या पाल्याचं तेल घरी काढता येईल का?
– एक आजी, वाळवा तालुका

उत्तर : ताई, आधी नातवाचं बोलू. नकली-अस्सल, बांधावरची झाडं, ते सगळं थांबू शकतं.

बाळाच्या बाबतीत सूनबाईचं बरोबर आहे. तिनं सगळ्यांसमोर हातातून बाटली घेतली, ते तुम्हाला लागलं, आणि लागणारच. ज्या हातांनी तीन पोरं मोठी केली, त्या हातातून कोणी काही काढून घेतलं की वाईट वाटतं. पण सात महिन्यांच्या लेकराच्या गळ्याशी हे तेल नको, यात मला तिळमात्र शंका नाही. औषधनिर्माणशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्या अनुभवावरून सांगते.

कारण असं. तान्ह्या बाळाच्या नाकातोंडाजवळ इतका उग्र वास आला, तर कधीकधी त्याचा घसा आतल्या आत आवळला जातो आणि श्वास अडतो. प्रत्येक बाळाला होतं असं नाही, पण कोणत्या बाळाला होईल ते आधी कळत नाही. बाळाची कातडी पातळ, त्यामुळे चोळलेलं तेल मोठ्या माणसापेक्षा जास्त आत शोषलं जातं. आणि झबल्याच्या गळ्याशी टाकलेला थेंब तिथंच थोडाच राहतो? सात महिन्यांचं पोर झबलं चोखतं, मूठ तोंडात घालतं, त्याच मुठीनं डोळे चोळतं. घरात सर्दीच्या बामची डबी असेलच. चष्मा लावून तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. कापूर, पुदिन्याचा अर्क म्हणजे मेंथॉल आणि निलगिरी तेल, असं मिश्रण असलेल्या बामवर दोन वर्षांखालच्या मुलांना लावू नये अशी सूचना असते. बाममध्ये हे तेल थोडंसंच असतं. तुमच्या बाटलीत नुसतं तेच आहे.

आता 'विष' या शब्दाचं. वासापुरतं, मोठ्या माणसासाठी, हे तेल विष नाही. पोटात गेलं तर मात्र सूनबाई खोटं बोलत नाही. लहान मुलाला गंभीर विषबाधा व्हायला ५ मिली, म्हणजे चहाचा एक चमचा पुरतो. त्याहून कमी तेलानंही मुलं सुस्तावल्याची उदाहरणं आहेत. आधी ठसका, तोंडात-घशात जळजळ, उलटी, मग झापड येते, झोकांड्या जातात, झटके येऊ शकतात, मूल बेशुद्ध पडू शकतं. हे सगळं बहुतेकदा अर्ध्या तासाच्या आत सुरू होतं, पण काही तासांनीही होऊ शकतं. म्हणून "प्यायला, पण खेळतोय की छान" असं म्हणत घरी बसून राहायचं नाही. उलटी काढायची नाही, बोट घालायचं नाही, मिठाचं पाणी पाजायचं नाही. तेल पातळ असतं, उलटी होताना ते फुप्फुसात उतरलं तर दुखणं दुप्पट होतं. दूध-तूप पाजत बसण्यातही वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीनं दवाखाना गाठा, आणि बाटली बरोबर न्या. किती भरलेली होती, किती उरली, हे डॉक्टरांना बाटलीवरून कळतं.

उटीच्या त्या बाटल्या मला माहीत आहेत. छोट्या, साधं फिरकीचं झाकण. आज नातू पालथा पडतोय, चार महिन्यांनी धरून धरून उभा राहील, आणि देवघराखालच्या फळीवर जे दिसेल ते त्याचं. चारही बाटल्या आजच कुलपाच्या कपाटात, वरच्या खणात ठेवा. औषधं ठेवतो तिथं, खाण्याच्या वस्तूंशेजारी नाही. खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत तर हे तेल कधीही ओतून ठेवू नका. अर्ध्या झोपेत औषध समजून हेच चमच्यात ओतलं जातं, आणि असे प्रकार घडलेले आहेत.

तुम्ही म्हणाल, माझ्या तिघांना काही झालं नाही. नाही झालं, छान झालं, आणि तेव्हा तुम्ही काही चुकीचं केलंत असा ठपका तुमच्यावर कोणी ठेवू नये. ज्यांना हे लावलं त्यातल्या बहुतेक बाळांना काहीच होत नाही, म्हणून तर सवय टिकते. पण पत्रात एक गोष्ट तुम्ही गृहीत धरली आहे, की हे आपलं जुनं, घरचं, पिढीजात औषध आणि सूनबाईचं वागणं नव्या जमान्याचं. तेवढं मात्र तपासून बघा. निलगिरीचं झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. निलगिरीच्या डोंगरांत ते इंग्रजांनी १८४० च्या दशकात आणलं, आणि पुढं त्याची मोठी लागवड झाली ती सरपणासाठी. थंड हवेच्या ठिकाणी छावण्या वसल्या, शेगड्या पेटल्या, तिथली मूळची शोला रानं तुटत चालली, तेव्हा झपाट्यानं वाढणारं झाड हवं होतं. तेल काढण्याचा धंदाही ऑस्ट्रेलियातच, मेलबर्नकडे, जोसेफ बोसिस्टो नावाच्या औषधविक्रेत्यानं १८५० च्या दशकात उभा केला. तुमच्या पणजीच्या बटव्यात ही बाटली असण्याची शक्यता कमीच. तिच्याकडे तव्यावर गरम केलेली ओव्याची पुरचुंडी होती. जुनं म्हणून सगळं बिनधोक असं मी म्हणत नाही (आंघोळीनंतर बाळाच्या नाकात तेल सोडायची आपली पद्धत जुनीच आहे, आणि ते तेल फुप्फुसात जातं म्हणून बालरोगतज्ज्ञ तिच्यावर कायम चिडलेले असतात), पण या तेलापुरता तरी सासू विरुद्ध सून असा जुन्या-नव्याचा झगडा नाही.

मग बाळाचं नाक मोकळं कसं करायचं? तेलानं ते होणारच नव्हतं. या तेलातला मुख्य घटक सिनिओल. तो नाकातल्या थंडावा ओळखणाऱ्या नसांना चेतवतो, त्यामुळे हवा खेळल्यासारखी वाटते. आतली सूज तिथंच, शेंबूडही तिथंच. मोठ्या माणसाला त्या 'वाटण्या'चाही फायदा असतो, निदान झोप लागते. बाळाला मोकळं वाटण्याशी काय घेणं, त्याला दूध ओढताना श्वास घेता यायला हवा. औषधाच्या दुकानात मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब मिळतात, साधे सलाईनचे. त्यात दुसरं कुठलं औषध नाही ना, एवढं पाहून घ्या. दूध पाजायच्या पाच-दहा मिनिटं आधी बाळाला आडवं धरायचं, प्रत्येक नाकपुडीत एक-दोन थेंब, थोडं थांबायचं, सुटलेला शेंबूड मऊ सुती कपड्याच्या टोकानं टिपून घ्यायचा. दूध थोडं थोडं, पण जास्त वेळा. पाजून झालं की काही वेळ खांद्यावर उभं धरायचं. हे काम आजीनं करावं असं मला वाटतं. सूनबाई रात्रभर जागलेली असते, आणि तुमचा हात सराईत आहे.

तुमच्यासाठी आणखी एक काम आहे, आणि ते कुठल्याही तेलापेक्षा मोलाचं आहे. बाळ शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याचं झबलं वर करा. भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत पोट किती वेळा वर येतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका, बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिने ते एक वर्ष या वयात आकडा ५० किंवा त्याहून जास्त आला, तर ती नुसती सर्दी नव्हे, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचं. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ अंगावर ओढतच नसेल, किंवा हलवूनही नीट जागं होत नसेल, तर आकडाही मोजत बसू नका, उठा आणि निघा.

आता 'हे'. त्यांच्या चहातले दोन थेंब आजपासून बंद. तेल चहात मिसळत नाही. कपाकडे निरखून पाहा, वर रंगीत तवंग फिरताना दिसेल. पहिल्या घोटाबरोबर तो तवंग जसाच्या तसा ओठाला, जिभेला, घशाला लागतो. दोन थेंबांनी माणूस दगावत नाही हे खरं, पण मिळतं काय? घशाची आग, वर करपट ढेकर. आणि थेंब मोजणारा हात नेहमी दोनवरच थांबतो असंही नाही. त्यांना पूर्वी कधी फिट आली असेल, तर पिणं सोडाच, हे तेल असलेले बाम रोज चोळणंसुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजमधल्या मेंदूविकारतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. फिट येऊन दाखल झालेल्यांना ते 'कुठलं तेल, कुठला बाम वापरता' असं मुद्दाम विचारू लागले, तेव्हा निलगिरी आणि कापूर वारंवार पुढं आले. काहींना तर आधी कधीच फिट आलेली नव्हती.

उद्या कोणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवील, की जर्मनीत सर्दी-खोकल्याला सिनिओलच्या गोळ्या देतात. देतात, खरं आहे. पण त्या मोजून भरलेल्या, पोटात न फुटता पुढं आतड्यात विरघळणाऱ्या कॅप्सूल असतात. उटीच्या बाटलीतून चहात टाकलेल्या थेंबाशी त्यांचं नातं नाही.

वाफेला माझी ना नाही, मोठ्यांसाठी. पातेलं गॅसवरून उतरवायचं, पाट किंवा टेबलावर पक्कं ठेवायचं, मग दोन थेंब टाकायचे, डोळे मिटून घ्यायचे, आणि त्या वेळी नातू त्या खोलीत नको. उकळत्या पातेल्याखाली गॅस चालू असताना तेल टाकू नका. या तेलाची वाफ साधारण ५० अंशांच्या आसपास पेट घेण्याजोगी होते, त्यामुळे समई, उदबत्ती, शेगडी यांच्यापासून बाटलीही लांबच हवी. वाफेचं प्लास्टिकचं यंत्र असेल तर त्याच्या पाण्यात तेल घालू नका, काही प्लास्टिक हे तेल चक्क खातं. दमा असलेल्या माणसाचा दमा या वासानं उसळू शकतो, तेव्हा घरात तसं कोणी असेल तर नुसत्या पाण्याची वाफ बरी.

गुडघ्यांना खुशाल लावा, पण नुसतं निलगिरी तेल नको. १५ मिली, म्हणजे एक मोठा चमचा खोबरेल किंवा तिळाचं तेल घ्या आणि त्यात सहा थेंब टाका. जखमेवर, खरचटल्यावर लावू नका, लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, पट्टा आवळू नका, कातडी भाजल्यासारखी लाल होते. झिजलेला गुडघा यानं भरून येत नाही. ऊब मिळते, चोळल्यानं बरं वाटतं, तेवढं पुष्कळ आहे. लावून झालं की बाळाला घेण्याआधी हात साबणानं धुवा. आणि लुगड्याच्या ज्या पदराला तेल पुसलं असेल, तो पदर बाळाच्या तोंडाशी येतो हेही लक्षात असू द्या.

तुमच्या दुकानदाराला मात्र एक खडा मारायला हवा. लिंबासारखा वास येणारं तेल अस्सलच असेल, पण वेगळ्या झाडाचं. त्याला सिट्रिओडोरा म्हणतात, त्याच्या तेलात सिनिओल नावालाच, मुख्य घटक सिट्रोनेलाल. साबण, अत्तरं, फिनेल यांच्यासाठी ते उत्तम. सर्दीला त्याचा उपयोग नाही. औषधी तेल मुख्यतः ग्लोब्युलस जातीचं, उटी-कुन्नूरच्या डोंगरांवर दिसतं ते. युरोपातल्या औषधसंहितेनुसार, म्हणजे औषधांचा दर्जा ठरवणाऱ्या अधिकृत ग्रंथानुसार, औषधी निलगिरी तेलात किमान ७० टक्के सिनिओल लागतं. आणखी एक गंमत. चीनमधून जे 'निलगिरी तेल' जगभर जातं, त्यातलं पुष्कळसं निलगिरीचं नसतंच. कापराच्या झाडाच्या तेलातला सिनिओलचा भाग वेगळा काढून ते बनवतात. दुकानदाराला एवढं ऐकवलंत तर पुढच्या वेळी तो जरा सांभाळून बोलेल.

भेसळ ओळखायची तर आधी किंमत बघा. उटीकडे हे तेल अजूनही झोपडीवजा भट्ट्यांमध्ये काढलं जातं. बायका रानातून पाला गोळा करून आणतात, तो तांब्याच्या मोठ्या भांड्यात दाबून भरतात, पाणी घालून झाकण बंद करतात आणि खाली लाकडं पेटवतात. वाफ नळीतून गार पाण्यातून जाते, थंड होते, आणि पुढच्या भांड्यात पाण्यावर तेल तरंगत येतं. शंभर किलो ओल्या पाल्यातून तेल निघतं जेमतेम किलोभर. पाला, सरपण, दिवसभराची मजुरी यांचा हिशेब मनात मांडा. पर्यटकांच्या रांगेत कोणी मोठी बाटली शंभर रुपयांत, वर घासाघीस करून साठात देत असेल, तर आत दुसरंही काही असणार.

घरी करायची परीक्षा एकच आहे, आणि तीही अर्धवट. कोऱ्या पांढऱ्या कागदावर एक थेंब टाका, शेजारी खोबरेल तेलाचा एक थेंब. पंख्याखाली तासभर राहू द्या, मग कागद उजेडासमोर धरा. निलगिरीचा थेंब उडून गेलेला असायला हवा, फार तर पुसटशी खूण. खोबरेलासारखा पारदर्शक तेलकट डाग राहिला, तर त्यात खाद्यतेल किंवा खनिज तेल मिसळलेलं आहे. टर्पेंटाइनची भेसळ असेल तर ती या परीक्षेत पकडली जाणार नाही, कारण टर्पेंटाइनही उडून जातं. म्हणून अंगाला लावायचं किंवा वाफेला वापरायचं असेल, तर औषधाच्या दुकानातली, लेबलवर 'आय.पी.' (म्हणजे भारतीय औषधसंहितेप्रमाणे), बॅच नंबर, परवाना नंबर आणि मुदत छापलेली छोटी बाटली घ्या. सहलीची आठवण म्हणून उटीची बाटली आणायला कोणाची हरकत नाही.

बांधावरच्या झाडांचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे कालव्यांच्या कडेनं, बांधांवर, सामाजिक वनीकरणात लावलेली निलगिरी बहुतेक मैदानी जातीची किंवा संकरित असते. लाकडासाठी, बल्ल्यांसाठी ती लावली. तिच्या पाल्यात तेल कमी, सिनिओलही कमी. घरच्या कुकरला नळी जोडून तेल काढायचे व्हिडिओ पाहून तसं काही करायला जाऊ नका, कुकरचा स्फोट आणि पेट घेणारं तेल दोन्ही एकाच ओट्यावर नकोत. पाल्याचा वास आवडत असेल तर मूठभर पानं पाण्यात उकळा, उतरवा, आणि स्वतःपुरती वाफ घ्या.

उरल्या चार बाटल्या. गुडघ्यांसाठी औषधाच्या दुकानातली बाटली वापरा. या चारही उजेडापासून लांब, झाकण घट्ट लावून ठेवा, उघडलेली बाटली वर्षानुवर्षं पुरवू नका. जुनं होऊन वास टर्पेंटाइनसारखा यायला लागला की अंगाला लावणं बंद. फरशी पुसायच्या पाण्यात घालायचा मोह होईल, पण जिथं नातू रांगणार ती फरशी सध्या नको. घरात मांजर असेल तर तिच्या वावरातही नको, मांजरांना हे तेल मुळीच सोसत नाही. त्यापेक्षा नवीन स्टीलच्या डब्यावरचं लेबल नखानं खरवडून निघत नाही ना, त्या चिकट डागावर कापसाच्या बोळ्यानं हे तेल लावा, दोन मिनिटांनी पुसा आणि डबा साबणानं धुऊन घ्या.